फोनवरचा पार

गावाला पार असतो. पाराला वडाची नाहीतर पिंपळाची सावली असते. दिवसाचे काम उरकले की माणसे तिथे येऊन टेकतात. कोणी तंबाखू मळतो, कोणी नुसताच बसतो. मग गोष्टी निघतात. "ओढ्याला पाणी आलं का?" "रविवारी बाजारला कोण कोण चाललंय?" "पाटलांची गाय व्याली म्हणे!" बायकांचा पार निराळा. तो नळावर असतो, गिरणीत असतो, नाहीतर शेजारणीच्या ओट्यावर असतो.

या गप्पांना कोणी काम म्हणत नाही. पण गावाची निम्मी कामे या गप्पांतच ठरतात. टेम्पो कोणाचा न्यायचा, मजुरीला कोण येणार, लग्नाला कोणी कोणाबरोबर जायचे, हे सारे पारावरच ठरते. गप्पा म्हणजे रिकामटेकडेपणा नव्हे. माणूस माणसाशी जोडलेला राहतो तो गप्पांमुळे.

आता गावाला आणखी एक पार मिळाला आहे. हा पार खिशात मावतो. त्याला सावली नाही, ओटा नाही. तो फोनमध्ये आहे. त्याचे नाव व्हॉट्सॲप. २००९ साली अमेरिकेत दोघा जणांनी तो सुरू केला. २०१४ साली फेसबुक कंपनीने तो विकत घेतला. २०१६ नंतर आपल्या देशात इंटरनेट स्वस्त झाले, आणि हा पार खेड्यापाड्यांत पोचला.

तुम्ही आता वाचायला शिकला आहात. म्हणजे या पारावर बसण्याचा तुम्हालाही हक्क आहे. तिथे कसे बसावे, काय बोलावे आणि काय बोलू नये, ते आज आपण पाहू.

१. पारावरची मंडळी

फोनवर पाचदहा माणसांचा एक गट करता येतो. त्याला सगळे 'ग्रुप' म्हणतात. एकाने लिहिले की ते सगळ्यांना दिसते. समजा, एका गावात असाच एक ग्रुप आहे. त्यात तात्या आहेत, नाना आहेत, गिरणीवाले बापू आहेत, आक्का आहेत. अंगणवाडीतल्या मावशी आहेत. आणि पुण्याला कारखान्यात कामाला गेलेला आक्कांचा भाचाही आहे. शुक्रवारची रात्र आहे. जेवणे झाली आहेत. बघा, ही मंडळी काय बोलतात.

तात्या : रविवारी बाजारला कोण कोण चाललंय? टेम्पो काढतोय.

नाना : मी येतो. किती वाजता?

तात्या : सकाळी ६ ला. गिरणीपाशी या.

आक्का : तात्या, माझी कांद्याची दोन पोती घ्याल का?

तात्या : घेतो की आक्का. डिझेलचं नंतर बघू.

बापू : उद्या गिरणी बंद. पट्टा तुटलाय.

मावशी : सोमवारी अंगणवाडीत लेकरांना लस द्यायची हाय. कार्ड घेऊन या.

भाचा : मी शनिवारी रात्रीच्या एस.टी.नं येतोय. पाऊस झाला का?

नाना : झाला बाबा. चार बोटं ओल गेली.

आक्का : ये रे बाबा. तुझ्या आईला सांगते. भाकरी झाकून ठेवील.

केवढ्याशा या गप्पा! दहा ओळींचे बोलणे. पण मोजून बघा. टेम्पोला भाडे मिळाले. आक्कांचा कांदा बाजारी निघाला. आईबापांना लसीचा दिवस कळला. आणि पुण्यातल्या पोराला गावच्या पावसाचा वास आला. तो दोनशे कोस दूर असला तरी पारावरून उठलेला नाही. हा या नव्या पाराचा मोठा गुण आहे. जुन्या पारावर जो हजर, त्यालाच ऐकू येते. इथे दूरचाही हजर असतो.

वाचायला शिकलेल्या माणसाला तर हा पार म्हणजे रोजची शाळा आहे. पाटीवर 'कमळ', 'गवत' वाचून कंटाळा येतो. पण "भाकरी झाकून ठेवील" हे वाचायला कोणाला कंटाळा येईल? रोज पाच ओळी वाचा आणि एक ओळ लिहा. वेलांटी चुकली तरी चालेल, तुमची माणसे हसणार नाहीत. फोनमध्ये बोलून निरोप पाठवायचीही सोय आहे. घाईच्या वेळी ती वापरावी. पण रोज बोलूनच काम भागवले, तर हाताला लिहायची सवय कशी लागणार?

२. 'उद्या' म्हणजे केव्हा?

आता आक्कांची गंमत ऐका. बापूंनी शुक्रवारी रात्री लिहिले, "उद्या गिरणी बंद." आक्कांनी तेव्हा ती ओळ पाहिली नाही. शनिवारी सकाळी चुलीपाशी बसून वाचली. त्यांना वाटले, उद्या म्हणजे रविवार. मग दळण आजच न्यावे. पायलीभर जोंधळे डोक्यावर घेऊन आक्का गिरणीवर गेल्या. गिरणीला कुलूप!

चूक कोणाची? बापू खोटे बोलले नव्हते. आक्का चुकीचे वाचल्या नव्हत्या. मग घोटाळा कुठे झाला? तो 'उद्या' या शब्दात झाला. पारावर 'उद्या' म्हटले की सगळ्यांचा उद्या एकच असतो, कारण सगळे एकाच वेळी ऐकतात. फोनवर लिहिणारा आज लिहितो आणि वाचणारा उद्या वाचतो. म्हणून 'उद्या' पुढे सरकतो.

'परवा' तर त्याहून फसवा. "परवा गेलो होतो" म्हटले की दोन दिवस मागचा. "परवा जाणार आहे" म्हटले की दोन दिवस पुढचा. शब्द तोच! "परवा बैठक" एवढेच कोणी लिहिले, तर बैठक झाली की व्हायची आहे, हे कोणी सांगावे?

वेळेचेही तसेच. "५ वाजता या" असे लिहिले, तर सकाळी की संध्याकाळी? पारावर लगेच विचारता येते. फोनवर विचारीपर्यंत वेळ निघून जाते.

म्हणून फोनवर लिहिताना वार लिहावा, तारीख लिहावी, वेळ लिहावी आणि जागा लिहावी. बापूंनी असे लिहायला हवे होते : "शनिवारी दिवसभर गिरणी बंद. पट्टा तुटलाय. रविवारी सकाळी ८ ला चालू." मग आक्कांची खेप वाया गेली नसती.

वाचतानाही एक सवय लावून घ्यावी. प्रत्येक निरोपापाशी वेळ बारीक आकड्यांत लिहिलेली असते, आणि त्या दिवसाची तारीख वर दिसते. आधी ती बघावी, मग मजकूर वाचावा.

निरोपाखाली बारीक खुणाही असतात. आपण पाठवलेल्या निरोपाखाली एक खूण दिसली, तर तो आपल्या फोनमधून निघाला. दोन खुणा दिसल्या, तर समोरच्याच्या फोनमध्ये पोचला. त्या दोन खुणा निळ्या झाल्या, तर तो वाचला गेला. काही माणसे ही निळी खूण बंद करून ठेवतात. म्हणून खूण निळी झाली नाही तर रुसून बसू नये. काम महत्त्वाचे असेल, तर सरळ फोन लावावा.

३. सांगणारा कुठे हरवतो?

आता मोठी गोष्ट सांगायची आहे. ती नीट लक्ष देऊन वाचा.

शाळेत आम्ही मुलांचा कानगोष्टीचा खेळ घेत असू. दहा मुले ओळीने बसवायची. पहिल्याच्या कानात एक वाक्य सांगायचे. त्याने दुसऱ्याच्या कानात, दुसऱ्याने तिसऱ्याच्या. शेवटच्या मुलाने मोठ्याने सांगायचे. दर वेळी भलतेच वाक्य निघे आणि मुले पोट धरून हसत. पराचा कावळा होतो तो असा.

फोनवर याच्या उलट घडते. तिथे शब्द बदलत नाही. आलेला निरोप बोटाने दाबला आणि पुढे ढकलला की तो जसाच्या तसा जातो. हजार माणसांकडे गेला तरी काना बदलत नाही. मग पराचा कावळा व्हायचे कारण काय? कारण असे की, शब्द राहतो, पण सांगणारा हरवतो.

समजा, नानांनी ग्रुपवर असा निरोप टाकला : "सावधान! आपल्या भागात मुले पळवणारी टोळी आली आहे. सगळ्यांना कळवा." आक्कांनी तो वाचला. वर नानांचे नाव होते. नाना म्हणजे जबाबदार माणूस. आक्कांना वाटले, नानांनीच पाहिले असणार. पण नानांना तो त्यांच्या मेहुण्याने पाठवला होता. मेहुण्याला कोणा दुकानदाराने, दुकानदाराला आणखी कोणी. त्यातल्या एकानेही टोळी पाहिली नव्हती. प्रत्येक जण आपल्याआधीच्यावर विश्वास टाकत गेला.

आणखी एक फसगत होते. पुढे ढकललेल्या निरोपावर आजची तारीख पडते. मूळ निरोप कधी लिहिला, ते दिसत नाही. तो पाच वर्षांपूर्वीचा असला तरी आजच्यासारखा दिसतो. आणि "आपल्या भागात" म्हणजे कोणाच्या भागात? ज्याने ज्याने वाचले, त्याला तो आपलाच भाग वाटला.

४. राईनपाड्याचा रविवार

ही समजुतीसाठी रचलेली गोष्ट नव्हे. आपल्याच महाराष्ट्रात असे घडले आहे.

धुळे जिल्ह्यात साक्री तालुका आहे. त्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. १ जुलै २०१८ चा दिवस. रविवार होता. आठवडी बाजार भरला होता. जसा आपण रविवारी बाजार करतो, तसाच.

त्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले. हा भटका समाज आहे. गावोगाव फिरून भिक्षा मागणे हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले होते. एरवी असे कोणी दारी आले, की आपण ओंजळभर धान्य घालतो.

पण त्या दिवसांत मुले पळवणाऱ्या टोळीचे निरोप फोनोफोनी फिरत होते. गावकऱ्यांना त्या पाच जणांचा संशय आला. ते सांगत होते, पण ऐकणार कोण? जमाव जमला. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि मारले. पाचही जण मेले.

टोळी नव्हती. कोणाचेही मूल पळवले गेले नव्हते. पाच घरांतले कर्ते पुरुष मात्र गेले. मारणारेही शेतकरी आणि मजूर होते. त्यांतल्या अनेकांना पोलिसांनी पकडले. त्यांच्या घरच्या चुलीही त्या रविवारी विझल्या.

त्याच वर्षी देशभर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यातून एक मूल उचलून नेतात, असे तिच्यात दिसे. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येई. खरी गोष्ट अशी होती, की ती चित्रफीत पाकिस्तानातल्या कराची शहरातली होती. मुलांना जपा, हे सांगण्यासाठी केलेली ती जाहिरात होती. मूळ चित्रात ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि एक फलक दाखवतात. तो शेवट कोणीतरी कापून टाकला आणि उरलेले पाठवून दिले. लोकांनी डोळ्यांनी पाहिले म्हणून खरे मानले. म्हणजे फोनवर डोळ्यांनी पाहिलेलेही अर्धेच असू शकते.

त्या जुलै महिन्यातच व्हॉट्सॲप कंपनीने भारतात बंधन घातले. एक निरोप एका वेळी पाचांपेक्षा जास्त ठिकाणी पुढे ढकलता येणार नाही, असे ठरवले. २०२० च्या एप्रिलमध्ये आणखी एक बंधन आले. जो निरोप पुष्कळ वेळा पुढे ढकलला गेला आहे, तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असे केले. पण कंपनीने दार अरुंद केले तरी दाराशी राखण कोणी करायची? ती आपणच करायची आहे.

वर्तमानपत्रात मजकूर छापण्याआधी संपादक तो वाचतो. चूक वाटली तर काढून टाकतो. फोनवरचा निरोप मात्र तुमच्यापर्यंत येण्याआधी कोणी तपासत नाही. तुम्ही वाचणार आणि तुम्हीच ठरवणार. इथले संपादक तुम्हीच.

५. पोटावर पडलेला पाय

अफवेने नेहमी जीवच जातो असे नाही. कधी ती पोटावर पाय देते. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये निरोप फिरले, की कोंबडीचे मांस खाल्ल्याने करोना होतो. ते खोटे होते. पण लोकांनी खाणे सोडले. भाव कोसळले. कर्ज काढून शेड बांधलेल्या, पिल्ले आणि खाद्य विकत घेतलेल्या आपल्याच शेतकऱ्यांचे नुकसान झाले. २०२२ साली जनावरांना लंपीचा रोग आला. तेव्हाही दूध पिऊ नका, असे निरोप फिरले. लंपी हा जनावरांचा रोग आहे, तो माणसांना होत नाही. पण भीती पसरली की गवळ्याच्या किटलीतले दूध किटलीतच राहते.

निरोप पुढे ढकलणाऱ्याला वाटते, आपण भलेच केले, लोकांना सावध केले. त्याचा हेतू वाईट नसतो. पण ज्याचे दूध नासले, त्याला हेतू सांगून काय उपयोग?

६. चार प्रश्न

म्हणून पुढे ढकलण्याआधी चार प्रश्न मनाशी विचारावेत. हे प्रश्न बोटांवर पाठ करा.

करंगळी : कोणी पाहिले? ज्याने स्वतः पाहिले, त्याचे नाव निरोपात आहे का?

अनामिका : कुठे? गाव, तालुका, जिल्हा लिहिला आहे का? की नुसते "आपल्या भागात"?

मधले बोट : केव्हा? तारीख आणि साल आहे का? की नुसते "आज", "काल", "परवा"?

तर्जनी : कोणाला विचारू? या गोष्टीची खात्री करून देणारे माणूस जवळ कोण आहे?

लसीची गोष्ट असेल तर आशाताईंना विचारावे. जनावराच्या रोगाची असेल तर जनावरांच्या डॉक्टरांना. चोराचिलटांची असेल तर पोलीस पाटलांना. चारही बोटांची उत्तरे मिळाली, तरच अंगठा वापरावा. फोनवर निरोप ढकलतो तो अंगठाच ना!

मंडळी, या अंगठ्याची एक गोष्ट ध्यानात घ्या. लिहिता येत नव्हते तेव्हा आपण कागदावर अंगठा उठवत होतो. कागदावर काय लिहिले आहे, ते न वाचता उठवत होतो. त्यापायी कितीकांच्या जमिनी गेल्या. आता आपण वाचायला शिकलो. न वाचता, न विचारता निरोप पुढे ढकलणे म्हणजे पुन्हा अंगठा उठवणेच होय.

ओळखायची आणखी एक खूण आहे. दुसऱ्याकडून आलेला आणि पुढे ढकललेला निरोप असेल, तर त्याच्यावर एक वाकडा बाण असतो. पुष्कळ वेळा ढकललेला असेल, तर दोन बाण असतात. दोन बाण दिसले की समजावे, हा पाहुणा बरीच घरे फिरून आला आहे. त्याला लगेच आत घेऊ नये. आधी ओळख विचारावी.

७. वडीलधाऱ्याला कसे विचारावे?

इथे एक अडचण येते. निरोप नानांनी टाकला आहे. नाना वयाने मोठे. त्यांना "हे खोटं आहे" असे कसे म्हणायचे? चारचौघांत त्यांचा अपमान होईल. म्हणून पुष्कळ जण गप्प बसतात, आणि खोटे तसेच पुढे जाते.

गप्प बसू नये, आणि उर्मटपणाही करू नये. असे लिहावे : "नाना, ही बातमी कुठली हो? तुम्ही स्वतः पाहिलं का कोणी कळवलं?" यात नानांचा मान राहतो आणि प्रश्नही विचारला जातो. चारचौघांत विचारायला संकोच वाटला, तर नानांना एकट्याला फोन करावा. नाना समजदार असले तर स्वतःच लिहितील, "मंडळी, मघाचा निरोप खरा नाही. मी चौकशी केली. कोणी पुढे पाठवू नका." असे लिहिण्याने माणसाची किंमत कमी होत नाही, वाढते.

आणि खरोखरच गावात कोणी अनोळखी माणूस संशयास्पद वाटला तर? तर जमाव जमवू नये. ग्रुपवर त्याचा फोटो टाकू नये. पोलीस पाटलांना सांगावे, नाहीतर ११२ या नंबरला फोन करावा. हा नंबर सगळ्या संकटांसाठी आहे. खरे-खोटे पोलीस बघतील. आपण कोणावर हात टाकायचा नाही. तो गुन्हा आहे.

लोकांत भीती पसरावी म्हणून जाणूनबुजून खोटी बातमी पसरवणे, हाही गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या ३५३ व्या कलमात अशा गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. ग्रुप चालवणाऱ्याला 'ॲडमिन' म्हणतात. दुसऱ्याने काही वाईट लिहिले, एवढ्यावरून ॲडमिन गुन्हेगार ठरत नाही. त्यात त्याचा संगनमताचा हात असला पाहिजे. असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली सांगितले. पण कायद्याने सुटला म्हणून त्याचे काम सुटत नाही. ग्रुपमधून माणूस काढायचा अधिकार त्याच्याकडे असतो. पारावर कोणी वेडेवाकडे बोलू लागला, तर जुनी माणसे त्याला थांबवत. ॲडमिननेही थांबवावे.

८. आपले बेत, आपले घर

शेवटी आपल्या स्वतःच्या गोष्टींविषयी थोडे.

"रविवारी आम्ही सगळे जेजुरीला चाललो" हे जवळच्या पाच जणांच्या ग्रुपवर सांगायला हरकत नाही. पण दोनशे माणसांच्या ग्रुपवर लिहिले, तर घराला कुलूप आहे ही दवंडीच पिटल्यासारखे होते. तिथे कोण कोण वाचते, ते आपल्याला ठाऊक नसते. म्हणून जाऊन आल्यावर लिहावे : "काल जेजुरीला जाऊन आलो. दर्शन छान झालं. भंडारा आणलाय, घेऊन जा." आनंद तोच, धोका नाही.

मित्राच्या नावाने निरोप आला, "अडचणीत आहे, लगेच ५ हजार पाठव", तर आधी त्याला फोन लावा. त्याचा आवाज ऐका. घरचे चार प्रश्न विचारा. दुसऱ्याचा व्हॉट्सॲप ताब्यात घेऊन असे पैसे मागणारे चोर आहेत. पैसे गेलेच, तर लाजून घरी बसू नका. लगेच १९३० या नंबरला फोन करा. जितक्या लवकर कराल, तितकी पैसे अडवण्याची आशा जास्त.

आता पुन्हा त्या दहा ओळींकडे वळा. टेम्पो, कांदा, गिरणी, लस, पाऊस, भाकरी. त्यातली एकही ओळ उसनी नाही. प्रत्येकाने आपले पाहिलेले, आपले ठरवलेले लिहिले आहे. "चार बोटं ओल गेली" हे नानांनी स्वतः रानात जाऊन पाहिले आहे. अशा गप्पा कितीही मारा. त्यांनी कोणाचे वाईट होत नाही. उसना निरोप पुढे ढकलायला अक्षर लागत नाही, नुसता अंगठा पुरतो. आपली गोष्ट आपल्या शब्दांत लिहायला मात्र अक्षर लागते. आणि ते तर तुम्ही एवढ्या कष्टाने मिळवले आहे.

शब्दांचे अर्थ

निरोप : कळवलेली गोष्ट, मेसेज.
अफवा : खात्री न करता पसरलेली बातमी.
चित्रफीत : हलती-बोलती चित्रे, व्हिडिओ.
संपादक : वर्तमानपत्रातला मजकूर तपासणारा.
संगनमत : आतून एकमेकांना सामील असणे.
दवंडी : ढोल वाजवून गावाला दिलेली खबर.

प्रश्न

१. आक्कांची खेप वाया का गेली? बापूंनी कसे लिहायला हवे होते?
२. कानगोष्टीत काय बदलते? फोनवर काय हरवते?
३. राईनपाड्याला काय घडले? कोणी एकाने कोणता प्रश्न विचारला असता, तर ते टळले असते?
४. चार बोटांचे चार प्रश्न न बघता सांगा.

हे करून पाहा

येत्या रविवारी तुमच्या घरी भजन आहे असे समजा. शेजारच्या मंडळींना बोलावणारा निरोप वहीत लिहा. त्यात वार, तारीख, वेळ आणि जागा आली पाहिजे. 'उद्या' आणि 'परवा' हे शब्द वापरू नका. लिहून झाल्यावर घरातल्या एखाद्याला वाचायला द्या. त्याला काही विचारावे लागले नाही, तर निरोप बरोबर जमला. मग तोच फोनवर लिहून पाठवा.